बुधवारची पाचची गाडी

कंट्रोलर आबांना साधं बोलता येत असे, पण काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ते बोलत नसत, घोषणा करत. लोणावळ्याच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांनी सारी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावरही तो माइक त्यांच्या गळ्यातून काही उतरला नाही. एरवीची त्यांची भाषा पवनेच्या खोऱ्यातली, 'लय' आणि 'न्हाई'ची. घोषणा सुरू झाली की तीच जीभ इस्त्री केल्यासारखी कडक होई. पुतणीच्या लग्नात दुसरी पंगत बसायला उशीर होतोय हे पाहून ते मांडवाच्या मधोमध उभे राहिले होते म्हणे. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. जिलबी मागून येत आहे. ज्यांचे जेवण झाले आहे त्यांनी जागा अडवून बसू नये." व्याही मंडळी क्षणभर गांगरली आणि मग खरोखरच उठली.

दुसरी खोड अशी की ते कुणालाही नाव विचारत नसत, गाव विचारत. "नावं काय, एका शेंगेतल्या दाण्यासारखी असत्यात. गाव सांगितलं की माणूस कुटं उतरणार ते कळतं." स्टँडवर त्यांना माणसं ओळखायची तीही गावावरून. पवनानगरची मावशी, कार्ल्याचे भाऊ, खंडाळ्याचे ड्रायव्हर. असे कंट्रोलर तुमच्याही स्टँडवर असतील, गाडी सुटली की आपल्यापेक्षा जास्त हळहळणारे. आमच्या आबांचा वेगळेपणा इतकाच की त्यांनी पुढे एक स्टँड असंही चालवलं, जिथे एकही गाडी येत नव्हती.

ते स्टँड म्हणजे माझी वेबसाइट.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आईवडील दोघे चळवळीतले. आमच्या घरी शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घातली जात ती उरलेल्या पत्रकांची, त्यामुळे माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर वर्षभर 'हा अन्याय आम्ही सहन करणार नाही' असं छापलेलं होतं. भाषा मी तिथूनच शिकले. पुण्यातलं शिक्षण संपवून लोणावळ्याला परतले तेव्हा डोक्यात एकच होतं, मावळावर लिहायचं. टेकड्यांवर चढत जाणारे बंगले, त्यांच्या भिंतींनी अडवलेल्या पायवाटा, पर्यटकांनी ओढ्यात टाकलेल्या बाटल्या. स्टँडजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली घेतली, 'मावळ-सवाल' नावाची वेबसाइट काढली आणि पहिल्याच लेखाला मथळा दिला, 'जागे व्हा!'

कुणी जागं झालं नाही. लोक येत, वाचत आणि जात. आलेल्यांचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसे, तो वाढत होता हे खरं, पण त्या आकड्यातलं एकही माणूस दुसऱ्याला ओळखत नव्हतं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत पाहायचं, नाहीतर दुकान बंद करून पुण्यात नोकरी धरायची. शेवटचा उपाय म्हणून वेबसाइटच्या पत्त्याची पत्रकं छापून मी ती स्टँडवर वाटली. त्यातलंच एक हातात घेऊन पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेले एक आबा जिना चढून वर आले. दारातूनच त्यांनी विचारलं,

"हे तुमी काढलंय?"

"हो."

"ह्यात येळ कुटं हाय?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "आबा, वेबसाइटला वेळ नसते. कधीही या, चोवीस तास उघडी असते."

"चोवीस तास उघडं असतंय ते मसण," आबा म्हणाले. "तितं बी कुणी कुणाला भेटत न्हाई."

मी चिडले. तिथल्या तिथे चार वाक्यं सुनावली, माहितीच्या स्वातंत्र्याबद्दल असावीत. ते ऐकत होते, मान हलवत होते. माझं संपल्यावर खुर्ची ओढून बसले. "पोरी, स्टँडवर लोक एकमेकाला का वळखत्यात ठावं हाय का? सगळ्यांला एकच गाडी पकडायची असती म्हणून. तुझ्याकडं ज्याला वाटंल तवा तो येतो, हितं दुसरं कुणी दिसत न्हाई, मंग तो जातो. त्याचं काय चुकलं? तू गाडीची येळ लाव."

मग बुधवार संध्याकाळचे पाच अशी वेळ लागली. लेख त्या वेळेलाच सुटणार, आधी नाही. साडेचारपासून लोकांनी लेखाखालच्या जागेत जमायचं आणि आपापलं गाव लिहायचं. ती जागा आबांच्या ताब्यात. ते वर यायचे, माझ्या जुन्या लॅपटॉपसमोर बसायचे, डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरायचे आणि एका बोटाने टाइप करायचे. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मावळ-सवाल येथून सुटणारा पाचचा लेख थोड्याच वेळात येत आहे. तोपर्यंत आपापले गाव सांगावे." पहिल्या बुधवारी चौघांनी गाव लिहिलं. त्यातली एक माझी आई होती.

आबांचा दुसरा नियम मला पहिल्यापेक्षाही जड गेला. एका बुधवारी माझा लेख चार वाजताच तयार होता. चांगला झाला होता, सातशे शब्द, प्रत्येक शब्द पेटता. पाच वाजले तरी आबा तो सोडू देईनात. पाच वाजून दहा मिनिटं. मी येरझारा घालते आहे आणि हे टाइप करताहेत, "लेख मार्गस्थ आहे. घाटात वाहतूक आहे."

"आबा, तुम्ही खोटं बोलताय."

"गाडी उशिरा आली की वळखी होत्यात," आबांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "बघ तरी."

मी पाहिलं. कार्ल्याच्या शहनाजभाभींचं महामार्गाच्या कडेला भज्यांचं आणि कणसांचं दुकान. त्यांनी लिहिलं होतं की यंदा कणसं बाहेरून आणावी लागतात आणि ती गोड नसतात. त्याखाली पवनानगरचे ज्ञानोबा भाऊ अवतरले. त्यांच्या शेतात दोन वाफे मका तयार होता. मग भाभींनी विचारलं, दाणे कोवळे आहेत का. भाऊंनी लिहिलं, येऊन नख लावून बघा. तिसऱ्याने मध्येच सांगितलं की आपली जीप उद्या सकाळी त्याच बाजूने येते, पोतं टाका. वीस मिनिटांनी लेख सुटला तेव्हा ही सगळी मंडळी मक्यात गढलेली होती. माझे सातशे शब्द कुणी वाचले असतील असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र शहनाजभाभींनी एक भाजलेलं कणीस जीपवाल्याबरोबर माझ्या खोलीवर पाठवलं. मी रागारागाने खाल्लं. गोड होतं.

खरी लढाई झाली ती खंडाळ्याच्या साहेबांवरून. हे निवृत्त गृहस्थ मूळचे मुंबईचे. खंडाळ्याला घाटाच्या कडेवर त्यांचा बंगला. बंगल्यांच्या भिंतींवर मी लिहिलेल्या लेखाखाली त्यांनी लिहिलं, 'लेखिकेचा सूर विनाकारण भडक आहे.' विनाकारण! माझ्या अंगाची लाही झाली. ज्यांच्या भिंतींनी लोकांची वाट अडवली त्यांनीच सूर शिकवायचा? मी त्यांना काढून टाकायला निघाले. आबांनी माझा हात धरला.

"त्यानं गाव सांगितलंय का?"

"सांगितलंय. पण…"

"मंग त्याच्याकडं तिकीट हाय. बसू दे त्याला. भांडण गाडीत बसून करा, लय येळ असतोय."

"आबा, हा वर्गशत्रू आहे."

"असंल. खिडकीकडंला बसवू त्याला."

आणि आबांनी खरंच त्यांना खिडकीकडेची जागा दिली. लिहिलं, 'खंडाळ्याच्या प्रवाशांच्या खिडकीतून घाट दिसतो असे समजते. तरी त्यांनी रोज सकाळी घाटात धुके किती आहे ते इथे कळवावे. आपले लोक कामाला जातात.' साहेबांनी दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला धुकं कळवायला सुरुवात केली. आधी नुसतं 'दाट', 'विरळ'. मग 'समोरचा खांब दिसत नाही', 'बोगद्याचं तोंड आता दिसू लागलं'. ड्रायव्हर मंडळी निघण्याआधी ते वाचू लागली. महिनाभरात त्यांचं नाव धुकंसाहेब पडलं आणि एके दिवशी त्यांनी स्वतःच सही केली, 'आपला, धुकंसाहेब'. भिंतींवरून माझं त्यांच्याशी अजूनही भांडण आहे. ते आम्ही दर बुधवारी पुढे चालवतो आणि मागच्या पावसाळ्यात त्यांनी आपल्या भिंतीला एक फाटक ठेवलं. एकच. मी लिहिलं, एक पुरेसं नाही. त्यांनी लिहिलं, सूर भडक आहे.

आबा प्रत्येकाला असं काहीतरी काम देत. त्यांचं म्हणणं, स्टँडवर ज्याच्या हातात कुणाची तरी पिशवी असते तो निघून जात नाही. मला मात्र एक गोष्ट खुपत राहायची. येणाऱ्यांचा आकडा मोठा दिसे आणि बोलणारे त्यातले मूठभर. बाकीचे येत, वाचत, गप्प राहत. मी त्यांना फुकटे बघे म्हणत असे. पत्रक घेऊन घडी न उघडता खिशात घालणाऱ्यांचा मला लहानपणापासून राग आहे.

"स्टँडवर सगळं माणूस खिडकीशी येतं का?" आबा म्हणायचे. "न्हाई. खिडकीशी धाच येत्यात. बाकीचे खांबाला टेकून माझंच ऐकत असत्यात. त्यांच्यासाठी बी गाडी सुटतीच की." म्हणून त्यांच्या प्रत्येक घोषणेचं शेवटचं वाक्य ठरलेलं होतं. 'जे बोलत नाहीत त्यांनाही नमस्कार.'

आबांजवळ एक शंभर पानी वही होती. तिच्यात मावळातल्या गावांची यादी, त्यांच्या खिडकीतल्या वेळापत्रकाच्या क्रमाने. ज्या गावचं माणूस वेबसाइटवर बोललं त्या गावापुढे ते लाल पेनने खूण करत. दिवाळीपर्यंत पानं लाल झाली आणि पुण्याच्या नोकरीचा विषय माझ्या डोक्यातून कधी गेला ते मलाच कळलं नाही. पण पहिल्या पानावर सगळ्यात वरची ओळ कोरी होती. तिच्यात गावाचं नावही नव्हतं. मी विचारलं.

"ते माझं. ते रूटवर न्हाई."

"म्हणजे?"

"धरणात गेलं. मी सातवीत व्हतो. घरं चार दिशेला गेली. कुणी तितं, कुणी पार लांब. मी चौकशीला बसलो तवा वाटलं, आता कवा न कवा कुणीतरी खिडकीशी येईल अन् म्हणंल, मी अमक्या गावचा. सगळी नोकरी गेली. कुणी म्हणलं न्हाई." वही मिटत ते हसले. "आता गाव न्हाई तर लोक नव्या जागेचं नाव सांगत्यात. त्यांचं बी बरोबर हाय. उतरायचं तितलंच नाव सांगणार माणूस."

नाशिकला त्यांची मुलगी होती. आई गेल्यापासून ती आबांना आपल्याकडे बोलावत होती. आबांचं उत्तर ठरलेलं, "ही एक वळ भरली की येतो." ती बिचारी मला फोन करून विचारायची, कसली ओळ हो?

हे सगळं मला माहीत होतं. आणि तरीही मी काय केलं ते सांगायला हवं. आबांचं बोलणं ऐकून माझे डोळे चमकले. मी म्हणाले, "आबा, यावर मी तीन भागांत लेख लिहिते!" वही काढली, किती घरं होती, किती जमीन गेली, काय कबूल केलं होतं, सगळं विचारून घेतलं. "लिव्ह की," ते म्हणाले. विस्थापितांवरचा तो लेख मी लिहिला. त्यात संताप होता, मागण्या होत्या, उद्गारचिन्हं होती. फक्त समोर बसलेल्या माणसाच्या गावाचं नाव काय, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दोन बुधवार मी एकटी होते. नेमक्या त्याच सुमारास कुणीतरी आमची टिंगल सुरू केली होती. गावाचा नियम पाहून टोळकीच्या टोळकी येत आणि लिहीत, 'गाव: मंगळ', 'गाव: ढगपूर', 'गाव: बायकोचं माहेर'. आबा असते तर त्यांनी ढगपूरची गाडी रद्द झाल्याची घोषणा केली असती आणि विषय संपला असता. मी पत्रकांवर वाढलेली. मी तालुक्यातल्या गावांची सरकारी यादी उघडली, लिहिलेलं एकेक गाव तिच्याशी ताडून पाहिलं आणि जे यादीत नव्हतं ते पुसून टाकलं. वर ठळक अक्षरात लिहिलं, 'खोटी गावं सांगणाऱ्यांना इथे जागा नाही.' फार समाधान वाटलं.

दोनेक महिन्यांनी, आबा बरे होऊन नेहमीसारखे वर बसलेले असताना, गप्पांत तो विषय निघाला. चहा चालला होता. मी हसत हसत त्यांना ती नावं सांगत होते. "मंगळ काय, ढगपूर काय! एकीने तर नुसतं लिहिलं होतं, यमुना, करंजदरा, मला लिहिता येतं का बघते आहे. म्हटलं, बाई, आधी गाव तरी धड…"

आबांनी कप खाली ठेवला.

"काय म्हणलीस?"

"मला लिहिता येतं का बघते…"

"गाव काय म्हणलीस?"

"करंजदरा. यादीत नाही आबा, मी नीट पाहिलं."

"यादीत कसं असंल?" आबा म्हणाले. "ते पाण्यात हाय."

मी पुसलेलं परत मिळतं का ते शोधायला लागले. नव्हतं मिळत. इतक्या दिवसांत यंत्राने आपणहून कचरा रिकामा केला होता. मी म्हटलं, "आबा, मी आत्ताच्या आत्ता जाहीर माफीनामा लिहिते." आणि लिहायला बसलेही. आबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्ची माझ्या शेजारी ओढून बसले आणि म्हणाले, "माफी चार वळीत लिव्ह. लांबलचक माफीत माणूस सोताचंच सांगत राहतो. बाकीची जागा मला दे. घोषणा करायची हाय."

त्या बुधवारी पाच वाजता लेख नव्हता. माझ्या चार ओळी होत्या आणि खाली आबांची घोषणा. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. करंजदरा गावच्या यमुनाबाई, आपण जिथे असाल तिथून चौकशी खिडकीजवळ यावे. आपल्याला चुकून उतरवले गेले. आपल्या गावचा माणूस आपली वाट पाहत आहे. जे बोलत नाहीत त्यांनाही नमस्कार.'

मग जे घडलं ते मी कुठल्याही पत्रकाने घडवू शकले नसते. शहनाजभाभी दुकानावर येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईला भज्यांबरोबर विचारू लागल्या, "मावशी, तुमचं नाव यमुना का हो?" एक खरंच यमुना निघाली, पण ती साताऱ्याची होती. तिला करंजदरा माहीत नव्हता, भजी मात्र तिने दोन प्लेट खाल्ली. ज्ञानोबा भाऊंनी पवनानगरच्या प्रत्येक जीपवाल्याला सांगून ठेवलं. धुकंसाहेब रोज सकाळी लिहीत, 'धुके विरळ. पुढचे वळण दिसते. यमुनाबाई अजून दिसत नाहीत.'

पहिला बुधवार गेला. दुसरा गेला. आबा साडेचारला येत, घोषणा करत, सहाला जिना उतरत. "उद्या नोंदवू," असं काहीतरी म्हणत, पण वही उघडत नसत. दुसऱ्या बुधवारी जिन्यावर मध्येच थांबले. "पोरीला कळवतो म्हणतोय," ते म्हणाले. "नाशिकच्या. किती दिस ताटकळत ठेवू तिला? वही काय, ऱ्हाईल कोरी." आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याजवळ एकही घोषवाक्य नव्हतं.

तिसऱ्या बुधवारी पाच वाजून सात मिनिटांनी पडद्यावर अक्षरं आली.

'यमुना. करंजदरा. मी दर बुधवारी येते. त्या दिवशी उतरवलं म्हणून बोलत नव्हते, नुसती ऐकत होते. तुमचं वाचून तीनदा लिहिलं आणि पुसलं. लेख लिहिणाऱ्या बाईंचा राग गेला असला तर सांगा, कोण वाट बघतंय?'

दर बुधवारी. फुकटे बघे म्हणून मी ज्यांना हिणवत होते त्यांच्यात ही बाई खांबाला टेकून उभी होती आणि आबांचा शेवटच्या ओळीतला नमस्कार दर आठवड्याला घेत होती.

आबांनी मनगट धरलं, बोट पुढे केलं. बोट हलेना. ज्यांनी हजारो घोषणा केल्या त्यांना एक ओळ सुचत नव्हती. "तू लिव्ह," ते म्हणाले. मी हात पुढे केला तर म्हणाले, "न्हाई, थांब." आणि एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, घोषणेच्या भाषेत नव्हे, आपल्या भाषेत. 'मी. खालच्या आळीचा. शाळंच्या मागं चिंच व्हती तितं आमचं घर.'

आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. मिनिटभराने उत्तर आलं.

'चिंच नव्हती ती. विलायती चिंच होती.'

आबा खुर्चीत मागे रेलून असे हसले की खालच्या दुकानदाराने वर डोकावून पाहिलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ऑपरेशनच्या डोळ्यातून जरा जास्तच. "भांडती बघ! पयल्याच वाक्याला भांडती! आमच्याच गावची हाय!"

आणि मग ती दोघं भांडत बसली. झाड कुठलं, विहिरीच्या पायऱ्या किती, शाळेतले गुरुजी डाव्या हाताने मारत की उजव्या. यमुनाबाई चाकणला लेकाकडे राहत होत्या. शाळेत आबांच्या सहा वर्षं मागे होत्या आणि पाटीवर लिहायला शिकत होत्या तेव्हाच गाव उठलं, पुढे लिहिणं सुटलं, ते आता नातीच्या मोबाइलवर पुन्हा धरलं होतं. बाकी कुणी मध्ये एक शब्द लिहिला नाही. भांडण संपल्यावर मात्र ओळीने यायला लागलं, कार्ले हजर, पवनानगर हजर, खंडाळा हजर, आणि ज्यांची नावं आम्ही कधी पाहिली नव्हती अशी कितीतरी गावं हजर. आबांनी वही उघडली. कोऱ्या ओळीवर नाव लिहिलं, पुढे लाल खूण केली आणि पेनला टोपण लावलं.

ओळ भरली म्हणजे आबांना जाणं भाग होतं. शब्दाचे पक्के होते. नाशिकची गाडी सकाळची होती. मी, शहनाजभाभी, ज्ञानोबा भाऊ आणि हातात छत्री घेतलेले धुकंसाहेब, आम्ही एकमेकांना तोपर्यंत कधी पाहिलेलं नव्हतं. फलाटावर चौघंही एकमेकांना गावावरूनच हाक मारत होतो. धुकंसाहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही दिसायला इतक्या भडक नाही." मी म्हटलं, "भिंतीचं काय झालं?" आबा गाडीत खिडकीपाशी बसले. वही त्यांनी माझ्या हातात दिली होती. त्या दिवशी स्टँडवरचा माइक बिघडलेला होता. गाडी सुरू झाली तरी घोषणा होईना तेव्हा ते अस्वस्थ झाले.

"आगं, गाडी निघाली अन् कुणी सांगंना! लोकांला कळणार कसं?"

घोषणा द्यायचा आवाज मला घरातून मिळालेला आहे. मोर्चात तो पार मागच्या रांगेपर्यंत जातो. मी फलाटाच्या कडेला उभी राहिले आणि ओरडले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! नाशिकला जाणारी गाडी सुटत आहे! करंजदऱ्याचे प्रवासी खिडकीकडेला बसले आहेत!" सगळं स्टँड वळून बघायला लागलं. आबांनी खिडकीतून हात काढला. "जे बोलत न्हाईत ते ऱ्हायले!" ते तिथून ओरडले. मीही ओरडले, "जे बोलत नाहीत त्यांनाही नमस्कार!" खांबाला टेकलेल्या एका बाईने खरोखरच हात जोडले.

आता खिडकी माझ्याकडे आहे. लेख मी अजून तसेच लिहिते, पेटते, आणि त्याबद्दल मला काडीचा पश्चात्ताप नाही. पण मथळ्यात 'जागे व्हा' लिहायच्या आधी कोण कोण आलं आहे ते बघते. बुधवारी साडेचारला घोषणा करते, पाचचा लेख मुद्दाम दहा मिनिटं उशिरा सोडते. तालुक्याच्या यादीत, रस्त्यावरच्या पाट्यांवर, गाड्यांच्या फलकांवर करंजदरा अजूनही कुठे नाही. मात्र हजेरी सुरू झाली की सगळ्यांच्या आधी चाकणहून आणि नाशिकहून एकच नाव येतं, करंजदरा. त्याच्या मागोमाग झाडावरून भांडण सुरू होतं. विलायती चिंच होती की साधी, ते अजून ठरायचं आहे.